बेकहॅम बघताना वानखेडे आठवलं

नेटफ्लिक्सवरची 'बेकहॅम', म्हणजे इंग्लंडचा फुटबॉलर डेव्हिड बेकहॅमवरची डॉक्युमेंटरी सिरीज, परवा दुसऱ्यांदा बघितली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आली तेव्हा सगळ्यांसारखीच बघितली होती, चार एपिसोड दोन रात्रीत, उरलेला तुकडा सकाळच्या लोकलमध्ये, आणि डोक्यात काय राहिलं तर ते रोल्स रॉइस. त्याची बायको व्हिक्टोरिया सांगतेय आम्ही साध्या कामकरी घरातले, आणि बेकहॅम दारातून मुंडी आत घालून म्हणतो खरं सांग, शाळेत सोडायला वडील कुठली गाडी आणायचे, ती इकडचं तिकडचं बोलते आणि शेवटी कबूल करते की ऐंशीच्या दशकात रोल्स रॉइस होती, हा थँक यू म्हणतो आणि गायब. त्याचे मीम इतके झाले की सिरीज न बघितलेल्यांनाही तेवढं पाठ आहे.

यावेळी मात्र दुसऱ्या एपिसोडलाच अडकलो, पुढे जाईनाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ३० जून १९९८, फ्रान्समधलं सेंट एतिएन, वर्ल्डकपची नॉकआऊट मॅच, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. स्कोअर २-२, सेकंड हाफ नुकताच सुरू झालाय. अर्जेंटिनाचा सिमिओने मागून येऊन बेकहॅमला आडवा करतो, हा तोंडावर पडतो आणि पडल्या पडल्या रागात पाय मागे उचलतो, तो सिमिओनेच्या पोटरीला लागतो. लागतो म्हणजे काय, आपण झोपेत शेजारच्याला मारतो तेवढा. सिमिओने असा कोसळतो की जणू बैलगाडीच अंगावरून गेली (नंतर त्याने स्वतःच कबूल केलं की नाटक जरा वाढवून केलं होतं). डेन्मार्कचा रेफरी शेजारीच उभा. रेड कार्ड. इंग्लंड दहा जणांत एक्स्ट्रा टाइम संपेपर्यंत झुंजलं, शेवटी पेनल्टी शूटआऊटमध्ये ४-३ ने हरलं. आता पेनल्टी चुकल्या कोणाच्या? पॉल इन्स आणि डेव्हिड बॅटी. किती जणांना ही दोन नावं आठवतात? मलाही सिरीज बघून परत कळली.

बेकहॅम तेव्हा २३ वर्षांचा होता. आदल्याच रात्री फोनवर कळलेलं की आपण बाप होणार आहोत. दुसऱ्या दिवशी पेपरात 'दहा शूर सिंह आणि एक मूर्ख पोरगा' असं हेडिंग, त्याच पेपरने त्याच्या तोंडाचा डार्टबोर्ड छापला, की कापा आणि भिंतीवर लावा. लंडनमधल्या एका पबबाहेर त्याचा पुतळा करून गळ्यात फास अडकवून टांगला. कोच ग्लेन हॉडल पोराची बाजू सावरून घ्यायची सोडून रेड कार्ड महागात पडलं असंच बोलून गेला, आणि ते बेकहॅमच्या आईबापाला अजून पचलेलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

चेहऱ्यांवरून आठवलं, सिरीजची खरी करामत तीच आहे. फिशर स्टीव्हन्स नावाचा जो दिग्दर्शक आहे तो जुन्या मॅचचं फुटेज त्या त्या माणसाला दाखवतो आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांत रोखून ठेवतो, म्हणजे आपण गोल कमी आणि गोल बघणारा माणूस जास्त बघतो. मँचेस्टर युनायटेडचा तेव्हाचा मॅनेजर फर्ग्युसन, टीममधले गॅरी नेव्हिल, रॉय कीन, सगळे. (हा स्टीव्हन्स मूळचा अॅक्टर. ऐंशीच्या दशकात एका हॉलिवूड पिक्चरमध्ये तोंडाला तपकिरी रंग फासून भारतीय माणसाचं काम केलेला हाच, नंतर त्याला त्याचं वाईट वाटलं म्हणे. असो, विषयांतर.)

तर तो पुतळ्याचा सीन चालू असताना आई पाण्याचा तांब्या घेऊन आली. आईला फुटबॉल म्हणजे किती जण खेळतात तेही माहीत नाही. बघत उभी राहिली.

"हे कोणाला टांगलंय रे?"

"खेळाडू आहे गं. त्याचा पुतळा आहे."

"काय केलंन त्यानं?"

"मॅचमध्ये एकाला लाथ मारली."

"लागलं का त्याला?"

"नाही, तसं काही लागलं नाही."

"मग?"

माझ्याकडे काही उत्तर नव्हतं, म्हटलं वर्ल्डकप होता. आई "बरं" म्हणाली, तांब्या ठेवला, आणि जाता जाता "त्याची आई असेल ना बघत" एवढं बोलून गेली. आणि आई बघत होतीच हो! सँड्रा बेकहॅम, हेअरड्रेसर बाई, ते दिवस आठवताना तिचा आवाज बदलतो. बाप टेड, लोकांच्या घरी किचन बसवून देणारा माणूस, पोराला कधी तोंडावर चांगलं म्हणायचा नाही कारण म्हटलं तर पोरगं मेहनत कशाला करेल असा त्याचा हिशोब. मॅच संपल्यावर बाहेर बसजवळ बेकहॅम त्याच बापाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला.

आता मुद्द्यावर येतो, जो मी दोन दिवस लिहू की नको करत होतो.

१ एप्रिल २०२४. वानखेडे. मुंबई इंडियन्स विरुद्ध राजस्थान. मेव्हण्याने कुठून तरी नॉर्थ स्टँडची तिकिटं जमवली होती आणि आम्ही दोघं निळे टीशर्ट घालून गेलो होतो, मॅच बघायला कमी आणि हार्दिक पांड्याची हुर्यो उडवायला जास्त, हे आज सरळ सांगतो. रोहितला काढून ह्याला कॅप्टन केलं याचा राग होता. ते ह्याने केलं होतं का? नाही, मॅनेजमेंटने केलं. पण मॅनेजमेंट काय बाउंड्रीवर फिल्डिंगला उभं राहत नाही. टॉसच्या वेळी त्याचं नाव घेतलं आणि स्टेडियम असं पेटलं की संजय मांजरेकरला माइकवर लोकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. त्यावर आम्ही अजून जोरात. मेव्हणा म्हणाला "दाजी, ओरडा की, घाबरता काय," आणि दाजी ओरडले. नंतर खुद्द रोहितने प्रेक्षकांकडे बघून हाताने बस करा अशी खूण केली, म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही भांडत होतो तोच नको म्हणत होता, तरी आमचं चालूच. त्या दिवशी मुंबईकडून सगळ्यात जास्त रन हार्दिकनेच काढले, ३४, आणि मुंबई हरली, आणि घरी येताना ट्रेनमध्ये आम्ही त्यालाच शिव्या घातल्या. 'छपरी' हा शब्द त्या दोन महिन्यांत मी किती वेळा टाइप केला असेल मोजता येणार नाही.

गंमत म्हणजे त्याच्या साडेचार महिने आधी, १५ नोव्हेंबरला, याच ग्राउंडवर बेकहॅम स्वतः आला होता. वर्ल्डकपची सेमीफायनल, सचिनबरोबर मैदानात फिरला, कोहलीची पन्नासावी सेंच्युरी बघितली, शमीच्या सात विकेट बघितल्या. मी टीव्हीसमोर होतो आणि सिरीज ताजी बघितलेली असल्यामुळे घरातल्यांना मोठ्या तोंडाने सांगत होतो की बघा, या माणसाला लोकांनी काय काय छळलं होतं. हे बोलणारा मीच, आणि एप्रिलमध्ये नॉर्थ स्टँडमध्ये मीच.

सिरीजबद्दल तक्रारी आहेत, त्या पण सांगतो नाहीतर म्हणाल हा भक्त झाला. बनवण्यात त्याचीच कंपनी आहे, त्यामुळे नको ते अलगद गाळलंय. २०२२ च्या कतार वर्ल्डकपचा ॲम्बॅसेडर होऊन एवढी टीका ओढवून घेतली, त्यावर अवाक्षर नाही. माद्रिदला असताना लग्नाबाहेरच्या भानगडीच्या बातम्या आल्या त्यावर दोघं बोलतात, पण बोलतात म्हणजे किती त्रास झाला तेवढंच. शेवटचा भाग लॉस एंजेलिस, मिलान, मायामी असा भराभर संपवलाय. रात्री मेणबत्त्यांच्या वाती कापत बसलेला बेकहॅम, मध काढणारा बेकहॅम, हे छान आहे पण ते फर्निचरच्या जाहिरातीसारखं पण आहे. एमी मिळाला, मिळू दे.

पण ९८ नंतरचा भाग कुठल्याही पीआरवाल्याने रंगवलेला वाटत नाही. तो म्हणतो काही आठवणी पुसून टाकणारी गोळी असती तर बरं झालं असतं. रस्त्यात लोक थुंकायचे. आणि फर्ग्युसनचा फोन येतो की पोरा, मँचेस्टरला परत ये, आम्ही बघतो. हाच फर्ग्युसन २००३ मध्ये ड्रेसिंग रूममध्ये बूट लाथाडतो, तो बेकहॅमच्या भुवईवर बसतो, आणि काही महिन्यांत पोरगा रियाल माद्रिदला. ते नातं एवढं गुंतागुंतीचं आहे की त्यावर वेगळी पोस्ट लागेल.

पुढचं माहीत असेलच. नवीन सिझनच्या पहिल्याच लीग मॅचला लेस्टरविरुद्ध शेवटच्या मिनिटाला फ्रीकिकवर गोल. मे ९९ ला बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगच्या फायनलला त्याच्या दोन कॉर्नरवरून इंज्युरी टाइममध्ये दोन गोल, युनायटेडची एकाच सिझनमध्ये तिन्ही मोठी विजेतेपदं. २००१ ला ग्रीसविरुद्ध ९३ व्या मिनिटाची ती फ्रीकिक, इंग्लंड वर्ल्डकपला. मग लोकांना तो आपला वाटायला लागला. पुतळा टांगणारे कुठे गेले? कुठेच नाही, त्याच स्टँडमध्ये नाचत होते.

मला माहितीय, कारण २९ जून २०२४ ला बार्बाडोसला टी-२० वर्ल्डकप फायनलची शेवटची ओव्हर हार्दिकने टाकली, सोळा रन हवे होते, सूर्याने मिलरचा तो कॅच घेतला, आपण सात रनने जिंकलो आणि हार्दिक तिथेच रडायला लागला. ४ जुलैला वानखेडेवर सगळं पब्लिक हार्दिक हार्दिक ओरडत होतं. मेव्हणा तिथे होता, मी घरून टीव्हीसमोर. दोघंही ओरडत होतो. कोणी सॉरी म्हणालं नाही, मीही नाही.

परवा एपिसोड पॉज करून फोनमध्ये १ एप्रिलचा व्हिडिओ शोधला. चौदा सेकंदांचा आहे. स्क्रीनवर हार्दिक अगदी बारीक दिसतो, टॉसला उभा, हसायचा प्रयत्न करतोय. आणि फोन माझ्याच हातात असल्यामुळे एवढ्या हजारो लोकांत सगळ्यात मोठा आवाज माझाच आलाय.