घरपोच अभ्यंगस्नान

मे महिन्यात आंजर्ल्याला गेलो की गाडी वाळूत घालायची नाही असं दरवर्षी ठरतं, आणि दरवर्षी ओहोटीची ती ओली, सपाट पुळण दिसली की माझी मती फिरते. यंदा पुढची दोन्ही चाकं रुतली. भरती चढायच्या आत कोळीदादांनी दोर लावून ओढली म्हणून वाचलो, पण गाडीचं खालून पार लोणचं झालं होतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे सहासात चमचे, आणि ते सायलेन्सर-ब्रेकला बसलं की गंज ठरलेला.

मग दारात येऊन गाडी धुणारा पोरगा शोधला. दापोलीहून छोटा हत्ती घेऊन आला, मागे टाकी, पेट्रोलवरचा जेट पंप, व्हॅक्युम, ब्रशच सतरा प्रकारचे. "दादा, अंडरबॉडी, फोम, वॅक्स, सगळं मिळून दोन हजार. गाडी शोरूममधून काढल्यासारखी."

दोन हजार ऐकून शेजारच्या काकू ओटीवरून उठूनच आल्या. "आंघोळीचे? आमच्या म्हशीला नारळाची शेंडी पुरते हो!"

पोरगा मात्र मन लावून करत होता. खालून चिखल, वाळू आणि एक अख्खा शिंपला निघाला, मग फोम मारला, काळी गाडी पांढरीशुभ्र झाली, वाडीतली पोरं नाचायला लागली आणि तेवढ्यात टाकी खडखडली. निम्मं पाणी म्हणे आसूदच्या उतारावर सांडलं. "दादा, विहीर असेल ना?"

असेल ना म्हणजे काय, आजोबांनी खणलेली आहे! मी अभिमानाने पंप लावून दिला. फोम उतरला, गाडी अशी चमकली की मी बायकोला हाक मारून फोटो काढायला लावला. ती मोबाईल घेऊन येईपर्यंत उन्हाने बॉनेट वाळलं आणि त्यावर रांगोळीचे ठिपके काढावेत तसे पांढरे डाग उमटले. त्याने मायक्रोफायबर फिरवलं तर ठिपक्यांच्या रेघा झाल्या.

शेजारचे काका सुपारी चघळत आले, बॉनेटवर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं (पुण्यात कुणी असं केलं असतं तर मी डॉक्टर बोलावला असता).

"मचूळ. अरे, मे महिन्यात उपसा वाढला की विहिरीत समुद्र शिरतो. तुझे आजोबा मे महिन्यात प्यायचं पाणी वरच्या आळीतून आणायचे, तुला माहीत नाही?"

म्हणजे गाडीवरचं मीठ काढायला मी दोन हजार देऊन मिठाचं पाणी मारून घेत होतो.

पोरगा बिचारा वरमला. "दादा, परत एकदा धुतो, पैसे नकोत." आणि पाईप घेऊन निघाला, विहिरीकडेच.

"राहू दे रे," काका म्हणाले, "मृग लागला की वरून गोडं पाणी येईल."

मृग ७ जूनच्या आसपास. त्या दिवशी मेची १२ तारीख होती.