मंगळावर जायचंय? आधी घरात पाळणा हलू द्या

मंगळावर कायमचं राहायला जायचं ठरवलंत, अभिनंदन. आता पहिली तयारी म्हणजे 'का जाताय' या प्रश्नाचं उत्तर पाठ करणं. नातेवाईक विचारणारच. फक्त उत्तर देण्याआधी आपण कोणत्या दशकात आहोत ते पाहून घ्या.

1974 साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या जेरार्ड ओ'नील या भौतिकशास्त्रज्ञाने अवकाशात फिरत्या, अजस्र नळकांड्यांत वस्त्या उभारायची योजना मांडली, तेव्हा उत्तर सोपं होतं: पृथ्वीवर माणसं फार झाली. आपल्याकडेही भिंतीभिंतीवर कुटुंब नियोजनाचे लाल त्रिकोण रंगवलेले होते, त्यामुळे हे कुणाला पटवून द्यावं लागत नसे. आज उत्तर बदललंय. स्पेसएक्स या रॉकेट कंपनीचे इलॉन मस्क सांगतात की जन्मदर घसरतोय, माणसं कमी पडणार, संस्कृती कोसळणार. आणि त्याच दमात मंगळावर 10 लाख माणसांचं शहर वसवायचंही सांगतात. थोडक्यात, माणसं जास्त झाली तरी मंगळ, कमी पडली तरी मंगळ. तुम्ही कोणतंही कारण निवडा, तिकिटाचा दर तोच.

'गर्दी फार झाली' हे जुनं उत्तर द्यायचं असेल तर हिशेब विचारणारा भाचा समोर नाही याची खात्री करा. जगात मरणाऱ्यांपेक्षा जन्मणारे सध्या वर्षाला सुमारे 7 कोटींनी जास्त आहेत, म्हणजे दिवसाला दोन लाखांच्या आसपास. एका यानात शंभर माणसं कोंबली, तरी लोकसंख्या नुसती आहे तिथे थोपवायला रोज दोन हजार याने सोडावी लागतील. रविवारी सुट्टी नाही. आजवरच्या साऱ्या इतिहासात अवकाशात जाऊन आलेली माणसं हजारसुद्धा भरत नाहीत, हे त्या भाच्याला सांगू नका.

तेव्हा नवं उत्तरच बरं. मात्र त्याला एक छोटी अडचण आहे: माणसं कमी पडणार असतील, तर मंगळावर न्यायची कुठली? संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या 2080 च्या दशकात साधारण 1,030 कोटींवर पोहोचेल आणि मग उतरणीला लागेल. दक्षिण कोरियात 2023 साली एका बाईमागे सरासरी 0.72 मुलं होती. महाराष्ट्र त्या मानाने भरभराटीत म्हणायचा, 2019-21 च्या पाहणीत 1.7, पण लोकसंख्या टिकायला 2.1 लागतात. ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांचं स्वप्न तर आणखी मोठं आहे. सूर्यमालेत एक लाख कोटी माणसं, आणि त्यांच्यात एका वेळी हजार मोझार्ट, हजार आइन्स्टाइन. हजार मोझार्टांना शाळेत सोडायला कोण जाणार, त्यांचे डबे कोण भरणार, यावर त्यांनी भाष्य केलेलं माझ्या वाचनात नाही.

म्हणून तुम्हाला माझा कळकळीचा सल्ला: यानात बसण्याआधी चार-पाच मुलांची मानसिक तयारी ठेवा. आपल्याकडे तिसऱ्या अपत्यापायी सरपंचपदावर पाणी सोडावं लागलेली माणसं आहेत. मंगळावर तिसऱ्याशिवाय ग्रामपंचायतच उभी राहणार नाही. पुण्यात आजी-आजोबा हाताशी, पाळणाघर कोपऱ्यावर, बालरोगतज्ज्ञ दर दोन इमारतींमागे एक, अशा अवस्थेत जे जोडपं 'एकच पुरे' म्हणतं, ते जोडपं श्वास घेण्याजोगी हवा नसलेल्या ग्रहावर जमिनीखालच्या खोलीत पाचव्या बारशाला तयार होईल, असा या योजनेचा पाया आहे. पाया भक्कम आहे, शंका घेऊ नका.

बाळंतपणाचं तेवढं आधी ठरवून घ्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असेल, तर माहेर सोयीच्या वेळीच जवळ येतं असं नाही. पृथ्वी आणि मंगळ यांची स्थिती प्रवासाला अनुकूल व्हायला सुमारे 26 महिने लागतात, आणि पुढे प्रवास सहा ते नऊ महिन्यांचा. म्हणजे आईने लेकीच्या बाळंतपणाला यायचं, तर गोड बातमी कळण्याच्या आधीच निघायला हवं, आणि सव्वा महिना झाला म्हणून परत निघते म्हटलं तर पुढच्या मुहूर्तापर्यंत जावयाच्या घरात मुक्काम. फोनवर विचारावं म्हटलं तर मंगळापर्यंत संदेश पोहोचायला अंतरानुसार 3 ते 22 मिनिटं लागतात, उत्तर यायला पुन्हा तेवढीच. 'आई, बाळ थांबतच नाहीये गं' असं विचारल्यावर 'पोटावर हिंग लाव' हे उत्तर येईपर्यंत बाळ रडून झोपलेलं असेल, आणि उत्तराच्या आवाजाने पुन्हा उठेल. हिंग आधीच नेलेला असावा, हेही आलंच.

बाळ तिथल्या 38 टक्के गुरुत्वाकर्षणात कसं वाढेल, हाडं कशी धरतील, हा प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारेल. खुशाल सांगा की संशोधन जोरात आहे. उंदरांचे भ्रूण अवकाशस्थानकात काही दिवस वाढवून पाहिले आहेत. माणसाच्या पिलाची पाळी यायची आहे, आणि तो मान तुमच्या घराण्याला मिळू शकतो.

आता शेजाऱ्यांचं. याची रंगीत तालीम अमेरिकेत केव्हाच होऊन गेली आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटात काचेचं एक बंदिस्त जग उभारलं, तीन एकरांहून थोडं मोठं. नाव बायोस्फिअर 2. 1991 च्या सप्टेंबरात चार पुरुष आणि चार स्त्रिया आत गेल्या, दोन वर्षांसाठी. आत शेत, छोटंसं जंगल, शेळ्या, कोंबड्या, एक समुद्रही होता. हवा हळूहळू विरळ होऊ लागली. प्राणवायू 21 टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास आला. कारण शोधलं तर असं निघालं की शेतात घातलेल्या सकस मातीतले जिवाणू प्राणवायू खात होते, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड झाडांच्या वाट्याला यायच्या आत इमारतीचं काँक्रीट पिऊन टाकत होतं. शेवटी बाहेरून प्राणवायू भरावा लागला. परागीभवन करणारे किडे मेले. मुंग्या आणि झुरळं मात्र मजेत वाढली. आणि ती आठ माणसं? निवडून, पारखून, प्रशिक्षण देऊन आत पाठवलेली आठ माणसं. त्यांचे चार-चारचे दोन तट पडले आणि एक तट दुसऱ्याशी कामापुरतंच बोलू लागला. तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवा, आणि आता कल्पना करा की सभेतून उठून बाहेर जायला दारच नाही. पार्किंगचा वाद तिथे नसेल, हे खरं. प्राणवायूचा असेल.

प्राणवायूचीही काळजी नको, यंत्र तयार आहे. मंगळावर फिरणाऱ्या पर्सिव्हिअरन्स या यांत्रिक बग्गीबरोबर नासाने पाठवलेल्या मॉक्सी नावाच्या यंत्राने मंगळाच्या हवेतून खरोखर प्राणवायू काढून दाखवला. 2021 ते 2023 या काळात सगळा मिळून 122 ग्रॅम. एका माणसाला दिवसाला 840 ग्रॅमच्या आसपास लागतो, म्हणजे दोन वर्षांच्या कमाईत तुम्ही साडेतीन तास काढाल. (मॉक्सीची चेष्टा नाही, ते प्रयोगापुरतंच पाठवलेलं छोटं यंत्र होतं आणि त्याने काम चोख केलं. चेष्टा त्याच्या जिवावर शहराच्या जाहिराती छापणाऱ्यांची आहे.)

पैशांचं विचाराल तर मार्ग निघालाय. 2020 साली मस्क यांनीच सांगितलं होतं की ज्यांच्याकडे पैसे नसतील त्यांना कर्ज मिळेल, आणि मंगळावर नोकऱ्या भरपूर असतील. प्रवासाचा खर्च मालकाने करायचा आणि तिकडे राबून तो फेडायचा, ही व्यवस्था मराठी माणसाला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून माणसं याच बोलीवर मॉरिशसला गेली. पाच वर्षांचा गिरमिट, म्हणजे मजुरीचा करार, उसाचा मळा, आणि एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा तिथला रिवाज. त्यांच्या वंशजांनी तिकडे गणपती बसवले, गणेश चतुर्थीला आज तिथे सरकारी सुट्टी असते. म्हणजे शेवट गोड झाला असं तुम्ही म्हणू शकता. फरक इतकाच की मळ्याच्या मालकाकडे हवेची चावी नव्हती. मुकादमाशी भांडून माणूस रात्री झाडाखाली जाऊन झोपू शकत होता. तुमच्या करारात कलमं बारीक अक्षरात असतील, ती वाचत बसू नका. खाडा झाल्यावर काय कापतात ते कळेलच.

जागेची घाई मात्र करू नका. चंद्रावरचे प्लॉट गेली चाळीसेक वर्षं विकले जाताहेत, वाढदिवसाला प्रमाणपत्र भेट देणारेही आहेत. 1967 च्या अवकाश करारानुसार कोणत्याही देशाला तिथल्या जमिनीवर हक्क सांगता येत नाही, तेव्हा सातबारा कुठल्या तलाठ्याकडून आणणार एवढंच विक्रेत्याला विचारा. निव्वळ उल्कापाताने झालेलं विवर आणि बेसॉल्टचा खडक बघायचा असेल तर बुलढाण्यात लोणार आहे. मंगळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही तिथे येतात. एसटी जाते, आणि हवा फुकट आहे.

एवढं सगळं पार पाडूनही नोकरीसाठी स्पर्धा असेलच, आणि ती माणसांशी नसेल. ऑपर्च्युनिटी नावाची बग्गी 90 दिवसांच्या कामावर म्हणून पाठवली होती. ती 2004 पासून 2018 पर्यंत राबली, एकदाही घरी फोन लावून रडली नाही. क्युरिऑसिटी 2012 पासून तिथे आहे. पहिल्या वाढदिवसाला तिने स्वतःच स्वतःसाठी वाढदिवसाचं गाणं वाजवलं आणि पुन्हा खडक फोडायला लागली. तिला प्राणवायू, पेन्शन, प्रसूती रजा यातलं काही लागत नाही, आणि दर काही वर्षांनी तिची अधिक हुशार धाकटी भावंडं येत राहणार आहेत. मुलाखतीत तिच्यापेक्षा स्वस्त पडायचं असेल तर आत्तापासून कमी श्वास घ्यायची सवय लावा. प्राणायामाचे वर्ग बहुतेक ठिकाणी सकाळी सहाला असतात. चटई आपापली न्यावी लागते.