चालू गाडीची बॅटरी काढून अल्टरनेटर तपासू नका
‘इंजिन चालू ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला समजा’ असा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरतोय. (अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना वीज बनवून बॅटरी चार्ज करणारा भाग.) कृपया हे करून पाहू नका. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत हे खपून जायचं. आजच्या गाडीत बॅटरी व्होल्टेजचे चढउतार सावरून धरते. ती अचानक तोडली की व्होल्टेज क्षणात उसळतं. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) किंवा अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात, म्हणजे धडधाकट अल्टरनेटरही तपासताना जायचा! शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि पेट घ्यायला त्याला टर्मिनलवरची एक ठिणगी पुरते.

साधा मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून टर्मिनलना लावा. रात्रभर उभ्या गाडीत साधारण १२.६, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसेल. हेडलाइट लावूनही आकडा १२ च्या आसपासच रेंगाळला, तर गाडी मेकॅनिकला दाखवा. कधी नुसता अल्टरनेटर फिरवणारा पट्टाच सैल असतो.

बॅटरी काढायचीच असेल तर इंजिन बंद करून आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, लावताना उलट. हातातली अंगठी, कडं आधी काढून ठेवा.