चाचणीला सोबत एक पान: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. घटक चाचणीला मुलांना स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक पान सोबत आणू द्यावं, असं मी मागच्या लेखात सुचवलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की हा कॉपीला दिलेला परवाना आहे. वर्गात कॅमेरा, दारात झडती आणि सापडला की वर्षभर घरी, एवढं केलं की कॉपी बंद. उरलेला प्रश्न संस्कारांचा. तुमची तीस वर्षं शाळेत गेली आहेत, तेव्हा दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही.

झडती आणि शिक्षेचं म्हणाल, तर चीनच्या राजदरबारी परीक्षांपुढे आपण काहीच नाही. उमेदवाराची अंगझडती घेऊन त्याला एकट्याला खोपटात बसवत. सोंग राजवटीत, अकराव्या शतकात, उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकत आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कारकून अख्खी पत्रिका पुन्हा उतरवून काढत. तपासनिसाच्या हाती जायची ती नक्कल. एवढं करूनही, आतून मुंगीच्या अक्षरात ग्रंथ लिहिलेले त्या परीक्षांचे कपडे आज संग्रहालयांत बघायला मिळतात. १८५८ साली बीजिंगच्या परीक्षेतला घोटाळा उघडकीस आला, तेव्हा तर मुख्य परीक्षकाचाच, दरबारातल्या बड्या मंत्र्याचा, पुढच्या वर्षी शिरच्छेद झाला. यापुढे आपलं ‘वर्षभर घरी’ म्हणजे काय हो! नाव झाकण्याची ती युक्ती मात्र मला फार आवडते. ती कुणाला सुधारायला जात नाही, वशिल्याची वाट तेवढी बुजवते.

संस्कारांबद्दल तुमचं बरोबर असतं तर फार बरं झालं असतं. अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी हजारो शाळकरी मुलांना, लबाडी करायला वाव असलेल्या चाचण्या देऊन पाहिल्या आणि १९२८ मध्ये निष्कर्ष छापले. एका चाचणीत लबाडी करणारं मूल दुसरीकडे सरळ वागत होतं. प्रामाणिक मुलं या बाजूला आणि लबाड त्या बाजूला, अशी वाटणी काही जमेना. आणि मोठ्यांचं काय? अटलांटातल्या सरकारी शाळांच्या चौकशीचा अहवाल २०११ मध्ये आला, त्यात ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांवर ठपका होता. मुलांची चुकलेली उत्तरं खोडून बरोबर करणारे हात तिथे गुरुजनांचे होते, कारण गुणांवर त्यांची नोकरी टांगलेली होती.

आता ‘सापडला की’ या शब्दांकडे येतो, कारण माझी खरी अडचण तिथेच आहे. काही वर्षांपूर्वी विज्ञानाचे पेपर तपासताना चार मुलांच्या उत्तरात एकच चूक दिसली. गुरुत्वत्वरण ९.८ च्या जागी ८.९. उत्तर बरोबर असून सारखं आलं तर काहीच सिद्ध होत नाही, अभ्यास केलेल्या सगळ्यांचं सारखंच येणार. चूक सारखी आली की मात्र संशयाला जागा होते. कॉपी शोधण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धतीही याच धाग्याला धरून चालतात. मी चौघांना उभं केलं, भरपूर बोललो. एक मुलगी रडायला लागली आणि तिनं वही पुढे केली. वहीत ८.९ होतं. दुसऱ्याच्या वहीतही. फळ्यावर आकडे उलटे मीच लिहिले होते, बाकीच्या मुलांनी ते पुस्तक बघून दुरुस्त केले, या चौघांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्या दिवशी माझ्या हातात ‘वर्षभर घरी’ पाठवायचा अधिकार असता तर?

तेव्हापासून पकडण्यापेक्षा पेपर काढण्यावर माझा वेळ जास्त जातो. ‘नियम लिहा’ असा प्रश्न आला की चिठ्ठीला भाव येतो. त्याऐवजी सोडवलेलं उदाहरण छापायचं, त्यात तिसऱ्या पायरीवर मुद्दाम चूक ठेवायची आणि विचारायचं, ‘चूक कुठे आहे आणि का?’ इथे चिठ्ठी मुकी होते. शेजारच्या बाकासाठी त्याच उदाहरणातले आकडे बदलायचे, आणि हे आधी जाहीर करायचं नाही. राहिलं ते एक पान. ते भरताना मुलाला अख्खा धडा चाळून काय ठेवायचं, काय गाळायचं हे ठरवावं लागतं. चिठ्ठ्या करणाऱ्या कुणालाही विचारा, इतक्या बारीक अक्षरात लिहिता लिहिता निम्मं पाठ झालेलं असतं. मी ती मेहनत उजेडात आणली, एवढंच.

दोन गोष्टींत तुमचं म्हणणं मान्य. साठ मुलांच्या वर्गात ‘का?’ची उत्तरं तपासायला जो वेळ लागतो, त्याचा हिशेब मी लेखात दिलाच नव्हता. तो दुपटीच्या खाली जात नाही. आणि पानाची सवलत वर्गातल्या चाचणीपुरतीच ठीक, हेही मी स्पष्ट लिहायला हवं होतं. लाखो मुलांच्या सार्वजनिक परीक्षेत बंदोबस्त लागणारच. फक्त कॅमेऱ्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा: पर्यवेक्षकाला वर्गाच्या मागे उभं करा. समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर कधी हटते, हे मुलांना मान न वळवता कळतं. मागे उभ्या असलेल्याचा अंदाज घ्यायला मात्र मान वळवावी लागते, आणि वळलेली मान लपत नाही.

पुढच्या चाचणीचा पेपर छपाईला देण्याआधी तुम्हाला पाठवतो. त्यातल्या ज्या प्रश्नाचं उत्तर सोबतच्या पानावरून जसंच्या तसं उतरवता येईल असं वाटेल, त्याच्यावर फुली मारून परत पाठवा. तो प्रश्न मी बदलेन.