पारावरची शेकोटी : भट्टीवाल्यांचं रेशन

वीटभट्टीवर बाहेरून आलेल्या मजुरांना गावच्या रेशन दुकानातून धान्य द्यायचं का, यावर शुक्रवारच्या ग्रामसभेत काय झालं ते गावात कोणाला सांगायला नको. त्याचंच उरलंसुरलं काल संध्याकाळी पारावर निघालं. पऱ्हाटीचा जाळ, ठेल्यावरचा चहा, आणि पाटील बसायच्या आधीच तापलेले.

"भट्टीवरच्या लोकाइनं आपल्या दुकानातलं धान्य उचललं, तं गावाले काय उरन?" हे वाक्य सभेत तीनदा झालं होतं. पारावर चौथ्यांदा, पाटलांच्या तोंडून.

फॉर्मदादांनी कप खाली ठेवला. स्थलांतरित कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थेत ते आहेत. पिशवीत कायम स्टॅम्प पॅड, कोरे अर्ज आणि गोंदाची बाटली, म्हणून हे नाव. "काका, थे तुमचं नाई उचलत, सोताचं उचलते. कार्ड मध्यप्रदेशातल्या बैतूलचं असो का मेळघाटातल्या धारणीचं, आधार जोडलं असन तं देशातल्या कोन्याबी दुकानात माणशी पाच किलो भेटते. अन् जेवढं इथं उचललं, तेवढं तिकडच्या कार्डावरून कमी होते."

"मंग परवा त्या बाईले मशीननं वापस काहून पाठवलं?" ठेलेवाल्याने विचारलं.

या प्रश्नावर दादा खरे खुलले. सहा माणसांचं कार्ड, म्हणजे महिन्याचे तीस किलो. सासू-सासरे गावी राहिले, चौघं भट्टीवर आले. हिशोबाने इथे वीस आणि तिकडे दहा. पण सासऱ्याने पहिल्याच आठवड्यात अंगठा लावून तीसच्या तीस उचलले. इथे मशीनवर शून्य आलं आणि दुकानदार म्हणाला, कार्ड बंद आहे. कार्ड चालूच होतं, महिन्याचं धान्य संपलं होतं. "म्हून निघाच्या आधीच घरी ठरवा लागते, कोन किती उचलन. ई-केवायसी, म्हंजे आधारवरची ओळख, बी निघाच्या आधी करून घेतलेली बरी. दुकानदारानं वापस केलं तं गुपचूप घरी नाई जाचं. १४४४५ ले फोन लावाचा. दुकानाची पाटी वाचून दाखवाची, मशीनवर काय आलं थे सांगाचं."

"अन् अंगठाच नाई उठला तं?"

"विटाचा गारा कालवून कालवून रेघा राह्यतेच कुठं? कापूस येचनाऱ्याचंबी तसंच, बोंडाच्या टोकाइनं बोटं फाटून जाते. पयले कोमट पाण्यानं हात धुवाचे, कोरडे पुसाचे, मंग दुसरं बोट. दहा बोटं हायेत, दुकानदार दोनच पाह्यते. डोळ्याचं मशीन असन तं थे मांगाचं. नाई तं ओटीपी. पण मोबाइल नंबर मुकादमाच्या पोट्ट्याचा लिहून ठेवला असन, तं ओटीपी त्याच्याकडं जाते अन् थो गेला अस्ते बाजारात."

दुकानदाराची एक अडचण मात्र दादांनी मान्य केली, आणि ती खरी आहे. त्याला माल मिळतो तो गावच्या कार्डांच्या हिशोबाने. भट्टीवरच्या वीस घरांनी पाच तारखेच्या आत उचल केली, तर पंचवीस तारखेला येणारा गावकरी रिकाम्या हाताने परत जातो आणि शिव्या भट्टीवाल्यांना पडतात. त्याला उपाय बाया-माणसांना हाकलणं नाही. भट्टी पेटली की पहिल्याच महिन्यात पुरवठा निरीक्षकाकडे जास्तीच्या मालाची लेखी मागणी टाकायची. ते पत्र दादांनी लिहून दिलंय. दुकानदाराने सही केली की नाही, ते शेकोटीवर कोणीच सांगितलं नाही.

"कापूस येचाले बाहेरचे चालते," दादा म्हणाले, "तांदूळ घ्याले नाई चालत?"

पाटील निखारे ढोसत बसले. ज्या वावरात भट्टी आहे ते वावर त्यांचंच, भाडंही तेच घेतात. हे पारावर कोणी बोललं नाही, सगळ्यांना माहीत आहे.

"बरं, धान्य सोडा," पाटील सावरले. "थे भट्टीवर झालेलं लेकरू. त्याचा दाखला इथून देला तं उद्या थे इथलंच होईन. मंग घरकुल मांगन, मंग वावर मांगन, मंग सरपंच होईन!"

"तुमच्याइतके दा उभं राह्यलं तरच," ठेलेवाला म्हणाला. पाटलांच्या तीन निवडणुका आठवून सगळे हसले.

दादा हसले नाहीत. "जन्म जिथं झाला, नोंद तिथंच होते. बापाचं गाव कोनतं, याच्यावर थे ठरत नाई. एकवीस दिवसाच्या आत ग्रामपंचायतीत सांगतलं तं रुपया लागत नाई. तीस दिवसापर्यंत उशिराची फी. वर्षापर्यंत लेखी परवानगी अन् सोताच्या सहीनं खरा केलेला कागद. वर्ष गेलं का तहसीलीचे चकरा, दंडाधिकाऱ्याचा आदेश. थ्या उशिरा देलेल्या जन्मदाखल्याइची चौकशी लागल्यापासून तहसीलवाले किती ताठ झाले, थे तुमाले मालूम हाय. अन् १ ऑक्टोबर २०२३ च्या नंतरच्या लेकराले शाळेपासून नोकरीपर्यंत जन्मतारखेचा हाच कागद चालते. आज सोळावा दिवस हाय, काका. शनवार-रविवार मधात आले."

सोळावा दिवस म्हटल्यावर पारावर क्षणभर फक्त पऱ्हाटी तडकण्याचा आवाज होता.

मास्तर तोवर गप्प होते. पाटलांशी धुऱ्याच्या भानगडीपासून त्यांचं बोलणं बंद आहे, त्यामुळे ते ठेलेवाल्याकडे पाहून बोलतात. "सांग त्याईले, शाळेत मी त्या भट्टीवरच्या पोरीले घेतलं. टीसी नव्हती तरी घेतलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं टीसीसाठी अडवता येत नाई, अन् वयाप्रमाणं वर्गात बसवा लागते. घरी कोरकू भाषा, तिकडची शाळा हिंदी, इथं मराठी. दोन म्हयने थे नुसती पाह्यत होती. आता पाढे म्हनते."

"अन् जातीचा दाखला?" ठेलेवाला.

दादांनी कपाळाला हात लावला. इथे खरंच गाठ आहे. कोरकू अनुसूचित जमातीत महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश, दोन्ही राज्यांत आहेत. पण महाराष्ट्रात दाखला मागताना पुरावा लागतो ६ सप्टेंबर १९५० च्या आधी इथे राहत असल्याचा : आजोबाचा शाळेचा दाखल-खारीज उतारा, कोतवाल पंजीची म्हणजे गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची नक्कल. बैतूलहून आलेल्याला वडिलांच्या तिकडच्या दाखल्यावर कागद मिळतो, इथल्या सवलती मिळत नाहीत. "जात तेच राह्यते, राज्य बदलते," दादा म्हणाले.

मास्तर आता सरळ पाटलांकडे वळले, कितीतरी महिन्यांनी. "१९५० साली राज्य तरी कुठं येगळं होतं? बैतूलकडचं भैंसदेहीबी मध्यप्रदेशात अन् आपलं परतवाडाबी मध्यप्रदेशात. राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ले रेघ ओढली. रेघ तिकडून चालत आली, कोरकू तं जागच्या जागी होता."

"हे... हे इतिहास मले नको सांगू," पाटील म्हणाले. पण मास्तर आपल्याशी बोलले, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तेवढ्यात ठेलेवाल्याने सुपारी कातरता कातरता हळूच सोडलं, "पाटील, काकूचं माहेर मुलताई ना?"

"हो. मंग?"

"मुलताई तं बैतूल जिल्ह्यात."

शेकोटीभोवती हसण्याचा जो स्फोट झाला, त्याने पारावरचं कुत्रं उठून गेलं. "काकूचं रेशन वापस करा!" "काकूचा ग्रामसभेत ठराव घ्या!" मास्तरांनी तर लग्नच उकरून काढलं : राजदूत मोटरसायकल मिळाली नाही म्हणून नवरदेव मांडवात रुसून बसला होता आणि मुलताईच्या लोकांनी पुऱ्या वाढून वाढून त्याचा राग घालवला.

"त्या पुऱ्या चांगल्या होत्या," पाटील म्हणाले आणि स्वतःच हसायला लागले. "घरी कोनी सांगू नका बाप्पा."

दादा पिशवी खांद्याला लावून उठले. "काका, सकाळी ग्रामपंचायतीत येता? लेकराच्या बापाले हिंदीबी धड येत नाई. वावर तुमचं हाय, तुमीच जागा सांगतली तं बरं पडन."

"दहा वाजता," पाटील म्हणाले. "अन् चहा मास्तरकडून."