सैतानाचं पुस्तक आणि ठाण्यातली जुनी कपाटं

ठाणे-नवी मुंबईच्या सोसायटी ग्रुपांवर एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘द नाइन्थ गेट’ या 1999च्या चित्रपटात जॉनी डेप ज्याच्या मागे लागतो ते सैतानाचं पुस्तक खरंच आहे. ते 1666मध्ये व्हेनिसला छापलं, छापणाऱ्याला जिवंत जाळलं, तीनच प्रती उरल्या आणि त्यातली एक पोर्तुगिजांबरोबर ठाण्यात आली. ओळखायच्या खुणा म्हणजे चामडी बांधणी, पानांवर तपकिरी डाग, आणि हात लावला की बोटांना ‘रक्त’. शेवटी एक मोबाइल नंबर: पुस्तक घरात ठेवू नका, आम्ही घेऊन जाऊ.

मुळात असं पुस्तकच नाही. आर्तुरो पेरेझ-रेव्हेर्ते या स्पॅनिश लेखकाने 1993च्या ‘एल क्लब दुमा’ या कादंबरीसाठी ते रचलं आणि रोमन पोलान्स्कीने त्या कादंबरीवरून चित्रपट काढला. मुद्रक तोर्किया, त्याला जाळणं, सगळं कादंबरीतलं. भेसळ मात्र झकास जमली आहे. व्हेनिस खरोखरच छपाईचं मोठं केंद्र होतं, आणि तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रूनोला 1592मध्ये तिथेच पकडून पुढे 1600 साली रोममध्ये जाळलं होतं. पोर्तुगिजांचा अंमलही ठाण्यावर 1737पर्यंत होता. चित्रपटातली एक प्रत पोर्तुगालमध्ये सिंत्राला आहे. ठाण्याचा धागा बहुधा तिथूनच ओढलाय.

फॉरवर्डमधला पुढचा दावा: ‘तिन्ही प्रतींतली चित्रं वेगळी, हे माणसाचं काम नव्हे.’ हा मुद्दा छपाई न पाहिलेल्यालाच सुचेल. त्या काळी चित्राचा लाकडी ठसा खिळ्यांच्याच (म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या) उंचीचा, साधारण 23 मिलिमीटर, करत. तो मजकुराच्या खिळ्यांसोबत चौकटीत आवळायचा आणि एकाच दाबात दोन्ही उठवायचं. ठशात किरकोळ बदल हवा असेल तर तेवढा भाग कोरून काढून तिथे लाकडाची गुटी ठोकत आणि तिच्यावर नवं कोरत. चित्रपटात मात्र चित्रातल्या किल्ल्या एका प्रतीत एका हातात, तर दुसऱ्या प्रतीत दुसऱ्या हातात दिसतात. त्याला गुटी पुरत नाही, दुसरा ठसाच कोरावा लागतो. पुस्तकातल्या नऊ चित्रांच्या दोन-दोन तऱ्हा म्हणजे अठरा ठसे. खर्चिक काम खरं, पण कोरक्याच्या आवाक्यातलं. शिवाय हाताने छापलेल्या पुस्तकांच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या निघणं हीच दुर्मीळ गोष्ट. छपाई चालू असताना चूक दिसली की यंत्र थांबवून दुरुस्ती करत, पण आधी छापलेली पानं फेकत नसत. कागद महाग होता.

चित्रांखालच्या लॅटिन ओळी ‘मंत्र’ असल्याचा फॉरवर्डमधला दावा थोडक्यात उरकतो. पहिल्या चित्राखालची ओळ सांगते की नियमाने न झुंजणारा पोहोचत नाही. तिचे शेवटचे शब्द बायबलमधले आहेत, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले.

आता खुणा, कारण खरं नुकसान इथेच होतंय.

‘रक्त’ म्हणजे चामड्याची भुकटी. एकोणिसाव्या शतकात झाडांच्या सालीत कमावलेलं चामडं हवेतल्या गंधकाच्या आम्लाने कुजतं आणि कण्याजवळ विटकरी पूड सुटू लागते. घामेजल्या बोटांना ती लागली की लाल दिसते, एवढंच. लोक घाबरून ओल्या फडक्याने पुसतात, आणि पाणी लागलेलं असं चामडं काळं पडून कडक होतं, मग तडकतं. पुसू नका. आम्लरहित कागदात गुंडाळून आडवं ठेवा.

तपकिरी ठिपके येतात ते बुरशीने आणि कागदातल्या लोहाच्या कणांनी. हवेतली आर्द्रता 65-70 टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते, आणि खाडीकाठच्या शहरात पावसाळाभर ती त्याच्या वरच असते. असं पुस्तक इतरांपासून वेगळं काढा, सावलीत पंख्याखाली उभं करून पानं मोकळी करा, पूर्ण सुकल्यावर तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झाडा. ओलसर असताना झाडलं तर बुरशी कागदात घासली जाते. उन्हातही नको, पानं वाकडी होतात.

राहिलं 1666. एक पान उजेडासमोर धरा. त्या काळच्या युरोपीय कागदात साधारण मिलिमीटरभर अंतरावर बारीक रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या, सुमारे 25 मिलिमीटर अंतराच्या ठळक रेषा दिसतात. रेषाच नसतील तर युरोपातलं पुस्तक 1757च्या आधीचं असणं जवळपास अशक्य. पान कडेने तपकिरी होऊन दुमडताच तुटत असेल तर तो लाकडाच्या लगद्याचा कागद, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. उलट बाजूने मात्र सावध: नुसत्या रेषा दिसल्या म्हणून पुस्तक जुनं ठरत नाही, यंत्राच्या कागदातही त्या उठवतात.

घाबरायचंच असेल तर एकोणिसाव्या शतकातल्या झगझगीत हिरव्या कापडी बांधणीला घाबरा. त्या रंगात आर्सेनिक असू शकतं. नायट्राइलचे हातमोजे घाला आणि पुस्तक बंद पिशवीत ठेवा. बाकी पुस्तकांना धुतलेले कोरडे हात पुरतात. सुती मोज्यांत पान चिमटीत येत नाही आणि फाटतं.

आजोबांच्या कपाटात सैतान निघणार नाही. निघालीच तर एखादी शिळाछाप (दगडावरून छापलेली) पोथी किंवा जुनं पंचांग निघेल. मुद्रक गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापलं 1831मध्ये, त्यामुळे तशा चिटोऱ्यालाही किंमत असू शकते. ठाण्यात 1893पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, आधी तिथे विचारा. फॉरवर्डमधल्या नंबरावर नको. त्या चित्रपटाच्या सुरुवातीलाच पुस्तकांचा दलाल एका घरी येतो, संग्रहाची किंमत करायला म्हणून, आणि 1780च्या ‘डॉन किहोते’चे चार खंड वारसांकडून किरकोळ पैशांत उचलून नेतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तेवढा प्रसंग मात्र नीट पाहिलेला दिसतो.