ट्रायलमधला रुग्ण आणि ‘साखरेची गोळी’

“कर्करोगाच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये रुग्णाचा गिनीपिग करतात, निम्म्यांना औषधाऐवजी साखरेची गोळी देतात, एकदा सही केली की सुटका नाही, आणि सगळे उपाय संपल्यावरच डॉक्टर ट्रायलचे नाव काढतात,” असा एक निरोप मोबाइलवरून सतत फिरत असतो. मी स्वतः अशा एका ट्रायलमध्ये, म्हणजे नव्या औषधाच्या रुग्णांवरील चाचणीत, उपचार घेत आहे आणि सही करण्याच्या आदल्या रात्री हाच निरोप एका आप्ताने काळजीपोटी मला पाठवला होता, म्हणून त्यातले एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत जास्त नुकसान साखरेच्या गोळीच्या गोष्टीने होते. परिणामकारक ठरलेला उपचार उपलब्ध असताना तो रोखून गंभीर आजाराच्या रुग्णाला नुसता प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, देणे हे १९६४ साली स्वीकारलेल्या आणि पुढे वेळोवेळी सुधारलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्यात, म्हणजे माणसांवरील वैद्यकीय संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय नीतिनियमांत, बसत नाही. कर्करोगाच्या ट्रायलमध्ये बहुधा नव्या औषधाची तुलना प्रचलित उपचाराशी होते. प्लासिबो असलाच तर एका गटाला केमो आणि नवे औषध, दुसऱ्याला तीच केमो आणि प्लासिबो, अशी रचना असते. एकटा प्लासिबो असतो तो मुख्यतः जिथे एरवीही केवळ देखरेखच ठेवली गेली असती तिथे, आणि तसे संमतिपत्रात लिहिलेले असते.

या विधानामागे नवे औषध ज्याला मिळाले तोच भाग्यवान, असेही एक गृहीत आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी अतितीव्र केमो देऊन नंतर स्वतःच्याच, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचे प्रत्यारोपण करण्याचा उपचार १९९०च्या दशकात हजारो स्त्रियांनी ट्रायलच्या बाहेर घेतला, कारण तो अधिक प्रभावी असणारच अशी सर्वांची खात्री होती. १९९९ पासून तुलनात्मक चाचण्यांचे निकाल येऊ लागले, तेव्हा त्याने आयुष्य वाढत नसल्याचे दिसले. यातना मात्र भोगून झाल्या होत्या.

गिनीपिग हा शब्द मी हसण्यावारी नेणार नाही. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना आजाराची खरी माहिती न देता उपचारांपासून वंचित ठेवले गेले, आणि आजचे संमतिपत्र व नैतिकता समिती यांच्यामागे अशा अपराधांचा इतिहास आहे. माझ्या अनुभवात पहिल्या दिवशी गोळी घेण्यापूर्वी, मग अर्ध्या तासाने, एका, दोन आणि चार तासांनी रक्त काढले गेले आणि परिचारिकेने प्रत्येक वेळ मिनिटासह नोंदवली. घरी रोजची गोळी डायरीत लिहायची आणि रिकाम्या पट्ट्यासुद्धा परत न्यायच्या. हे थकवणारे आहे, पण दुर्लक्षित माणसाच्या वाट्याला येणारे नाही. निरोपात सत्याचा अंश आहे तो एवढाच, की पहिल्या टप्प्यातील ट्रायलचा मुख्य हेतू सुरक्षित मात्रा शोधणे हा असतो, रुग्णाला लाभ होईलच असे नाही, आणि आपला टप्पा कोणता हे प्रत्येकाने विचारलेच पाहिजे.

सुटकेविषयीचे विधान सरळ खोटे आहे. कारण न सांगताही ट्रायल केव्हाही सोडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार नाकारता येत नाहीत. फक्त औषध परस्पर बंद न करता कळवून बंद करावे, कारण त्यानंतरही काही तपासण्या आपल्याच सुरक्षिततेसाठी कराव्या लागतात.

राहिले ते ‘शेवटचा उपाय’ हे म्हणणे. बालपणीच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगातून आज विकसित देशांत सुमारे ९० टक्के मुले वाचतात, आणि ही मजल एकापाठोपाठ एक झालेल्या अशा ट्रायल्समधून गाठली गेली, ज्यांत मुलांना पहिलाच उपचार ट्रायलमध्ये मिळत होता. मोठ्यांच्याही अनेक ट्रायल्स नुकतेच निदान झालेल्या, आधी केमो न घेतलेल्या रुग्णांसाठीच असतात. त्यामुळे हा निरोप वाचून जो रुग्ण ‘नंतर बघू’ म्हणतो, त्याच्यासाठी त्यांतल्या कित्येक ट्रायल्सचे दार केमोच्या पहिल्याच सलाइनबरोबर बंद झालेले असते.